आरोग्यशिक्षण: कोण शिकणार, कोण शिकवणार?



जून-जुलै आला की चांदवडला आमच्याकडे दोन प्रकारच्या बायका चौकशीला येतात. काही नुकत्याच पदवीधर झालेल्या मुली असतात. त्या विचारतात, "ताई, आरोग्याचं काम करायचंय. डॉक्टर-नर्स नाही व्हायचं, लोकांमध्ये राहून काम करायचंय. ह्याचं काही शिक्षण असतं का?" दुसऱ्या असतात आशाताई आणि अंगणवाडीताई. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "आम्ही इतकी वर्षं हेच काम करतोय. ह्याची डिग्री आम्हाला कुठं मिळेल?" पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे, वाट अवघड असली तरी. दुसऱ्या प्रश्नाला विद्यापीठांकडे आज सरळ उत्तर नाही. हे दोन्ही प्रश्न एकमेकींत गुंतलेले आहेत, आणि त्यांच्याकडे स्त्रीचळवळीनं अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही. म्हणून ह्या वेळचं संपादकीय त्यावर.

आरोग्यशिक्षण आणि आरोग्यसंवर्धन हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे हे तालुक्याच्या गावी फार थोड्यांना माहीत असतं. आरोग्य म्हटलं की डॉक्टर, नर्स, औषधाचं दुकान आणि लॅब इथपर्यंतच आपली नजर जाते. प्रत्यक्षात लोकांशी आरोग्याबद्दल कसं बोलावं, आजार होऊ नये म्हणून समाजात काय बदलावं लागतं, ह्याचं स्वतंत्र शास्त्र आहे. केंद्र सरकारनं १९५६ साली दिल्लीत सेंट्रल हेल्थ एज्युकेशन ब्युरो काढला, तेव्हापासून 'आरोग्यशिक्षक' ही सरकारी यंत्रणेतली एक ओळख झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हा विषय येतो. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नर्सिंगच्या आणि एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासातही त्याचे तुकडे सापडतात. आणि आपल्या जिल्ह्याचं सांगायचं तर १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आलं. राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगची महाविद्यालयं त्याच्या कक्षेत आहेत. चांदवडहून आग्रा रोडनं साठ-पासष्ट किलोमीटर गेलं की नाशिक. म्हणजे राज्याच्या आरोग्यज्ञानाची सगळी उठाठेव आपल्या शेजारीच चालते.

पण तिथे शिकवतात काय? मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हापासून ह्या विषयाची पुस्तकं वाचते आहे, गेली काही वर्षं क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर फिरते आहे. त्यातून एक गोष्ट डोळ्यांत भरते. अभ्यासक्रमातली बाई ही बहुधा 'न कळणारी' बाई असते. ती 'लक्ष्यगट' असते, 'लाभार्थी' असते. तिला ज्ञान नाही म्हणून तिची वृत्ती चुकीची, आणि वृत्ती चुकीची म्हणून तिचं वागणं चुकीचं, अशी साखळी मांडलेली असते. मग उपाय ठरलेला: संदेश तयार करा, तक्ते छापा, पथनाट्य बसवा, मोबाइलवर चित्रफीत पाठवा. संदेश पोचला की वागणूक बदलेल, वागणूक बदलली की आजार कमी होईल.

ह्या विचाराचा इतिहासही विसरून चालणार नाही. आपल्या देशात आरोग्यशिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठा आवाज बरीच वर्षं एकाच कामासाठी होता, आणि ते काम म्हणजे कुटुंबनियोजन. एप्रिल १९९६ मध्ये सरकारनं लक्ष्यमुक्त धोरण जाहीर करेपर्यंत गावात येणाऱ्या नर्सबाईला वर्षाला किती 'केसेस' आणायच्या ह्याचा आकडा ठरवून दिलेला असे. त्या काळात बाईला 'समजावणं' म्हणजे टेबलावर आणणं, इतकाच त्या शिक्षणाचा अर्थ उरला होता. आकडे कागदावरून गेले, पण ओझं बाईच्याच अंगावर राहिलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली होती, आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्काही नव्हतं. पन्नास-साठ वर्षांच्या शिक्षणानं पुरुषांना काय शिकवलं, हा प्रश्न कुठल्या प्रश्नपत्रिकेत येत असेल असं मला वाटत नाही.

पांडुरोगाचं उदाहरण घेऊ. रक्त कमी असलेल्या बाईला काय सांगायचं हे प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतं. हिरव्या पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, जेवणाबरोबर चहा पिऊ नका. ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण आमच्या तालुक्यातल्या एका बैठकीत हे सगळं ऐकून घेतल्यावर एक बाई म्हणाली, "भाजी आम्हीच निंदतो, आम्हीच खुडतो, जुड्याबी आम्हीच बांधतो. पण जुडीचा पैसा व्हतो ना ताई, मग ती घरात कशी राहील?" तिला पालकातलं लोह माहीत नव्हतं असं नाही. पालकाच्या जुडीचं काय करायचं ते ठरवणं तिच्या हातात नव्हतं.

उन्हाळ कांद्याच्या काढणीत सकाळी शेतात गेलेली बाई दिवस मावळता घरी येते. चांदवड हा पर्जन्यछायेतला, टंचाईचा तालुका. उन्हाळ्यात कितीतरी वाड्यावस्त्यांवर टँकर येतो तेव्हा पाणी. शेतात आडोसा नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात. पुढे जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. त्यावर आपला तक्ता सांगतो: भरपूर पाणी प्या. हा तक्ता ज्यांनी काढला त्यांनी मजूर बाईचा एक दिवस पाहिला असता तर तक्ता शेतमालकासाठी आणि ग्रामपंचायतीसाठी काढला असता.

आकडे काय म्हणतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांना पांडुरोग होता. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५४.२ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात, २०१८ साली, 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' ही मोहीम सुरू झाली होती. गोळ्या वाटल्या गेल्या, भित्तिपत्रकं लागली. तरीही आकडा वाढला. माहिती पोचवण्यानं सगळं होत असतं तर असं झालं नसतं.

आता थोडं मागे जाऊ, नोव्हेंबर १९८६ कडे. त्या महिन्यात आमच्या ह्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर शेतकरी बायका इथे जमल्या. शरद जोशींच्या अर्थकारणाशी स्त्रीचळवळीतल्या अनेकींचे मतभेद होते आणि आहेत, त्यावर तेव्हाही वाद झाले. पण इतक्या मोठ्या संख्येनं ग्रामीण बायका स्वतःच्या प्रश्नावर एकत्र आल्याची उदाहरणं फार थोडी. त्यांनी तिथे काय मांडलं? बाईच्या कष्टाला मोल नाही, मालमत्तेत वाटा नाही, रस्त्यावर आणि घरात सुरक्षितता नाही, पंचायतीत जागा नाही. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत स्त्रियांच्या नावावर जमिनी झाल्या, त्याची बीजं ह्या अधिवेशनात होती. त्या मांडवात 'आरोग्यशिक्षण' हा शब्द कुणी उच्चारला असेल की नाही, सांगता येत नाही.

त्याच महिन्यात, पुढच्या पंधरवड्यात, कॅनडातल्या ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आरोग्यसंवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २१ नोव्हेंबर १९८६ रोजी तिथे जो जाहीरनामा मंजूर झाला तो आज जगातल्या प्रत्येक विद्यापीठात ह्या विषयाचा पाया म्हणून शिकवतात. त्यात आरोग्यसंवर्धनाची व्याख्या आहे. तिचा आशय असा, की लोकांचं स्वतःच्या आरोग्यावरचं नियंत्रण वाढावं आणि ते सुधारण्याचं बळ त्यांच्या हाती यावं, ही प्रक्रिया म्हणजे आरोग्यसंवर्धन. आरोग्यासाठी आधी काय लागतं ह्याची यादीही त्यात आहे: शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, टिकाऊ नैसर्गिक साधनं, सामाजिक न्याय आणि समता. चांदवडच्या बायका मांडवात बसून जे मागत होत्या त्यातलं किती ह्या यादीत आहे ते आपणच पाहावं. विद्यापीठात ओटावा शिकवतात आणि चांदवड शिकवत नाहीत, हे मला खटकतं.

ओटावाच्या जाहीरनाम्यात कामाच्या पाच दिशा सांगितल्या आहेत. सगळी सार्वजनिक धोरणं आरोग्याला पोषक करणं, भोवतालची परिस्थिती सुधारणं, समाजाची सामूहिक कृती बळकट करणं, व्यक्तीची कौशल्यं वाढवणं आणि आरोग्यसेवेची दिशा बदलणं. ह्या पाचांतली एकच दिशा व्यक्तीला माहिती आणि कौशल्य देण्याची आहे. आपल्याकडे अभ्यासक्रमाचा, प्रशिक्षणाचा आणि पैशाचा भर त्या एकीवर. बाकीच्या चार परीक्षेपुरत्या. कारण उघड आहे. बाईला 'पालक खा' म्हणणं सोपं असतं. रोजगाराचा दर, रेशनवरचं धान्य, शेतातला आडोसा, दारूचं दुकान ह्यावर बोललं की कुणाचे तरी हितसंबंध दुखावतात. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या काळात राज्य सरकारनं घरोघर पाहणीची जी मोहीम काढली तिचं नाव होतं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. काम गरजेचं होतं, आशाताईंनी ते जिवावर उदार होऊन केलं. पण नाव नीट वाचा. जबाबदारी कुटुंबाची, म्हणजे घरातल्या बाईची. शासनाची जबाबदारी कुठे गेली?

माहिती आणि नियंत्रण ह्यांतला फरक किती जीवघेणा असतो हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांनी आपल्याला दाखवलं. २०१९ साली तिथल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं जाई. हेही एक प्रकारचं आरोग्यशिक्षणच, भीतीचं. तिकडे फडावर पाळीच्या दिवसांत सुटी घेतली तर मुकादम खाडा लावणार, दंड कापणार. राहायला पाल, न्हाणीघर नाही, पाणी नाही. मुलं झाली आहेत, मग पिशवी हवी कशाला, असा तिचा हिशेब. तिला 'पाळीतील स्वच्छता' ह्या विषयावर दहा व्याख्यानं दिली असती तरी तो हिशेब बदलला नसता. खाड्याची पद्धत बदलली असती, फडावर न्हाणीघर आणि दवाखाना आला असता तर बदलला असता. आरोग्यसंवर्धनाच्या अभ्यासक्रमात मुकादम आणि खाडा हे धडे असायला हवेत ते ह्यासाठी.

ह्याचा अर्थ विद्यापीठ निरुपयोगी आहे असा कुणी काढू नये. महाराष्ट्रातच ह्याची उत्तम उदाहरणं आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं. प्रशिक्षित नर्सेसच्या भरवशावर गावातलं काम होईना, तेव्हा गावच्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांत दलित बायका होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, परत जाऊन गावात महिला मंडळं बांधत. पुढे देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येऊन ह्याच बायकांकडून शिकले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिक्षण अमेरिकेतल्या विद्यापीठाचं खरं, पण ते जमिनीवर आलं ते ह्या बायकांच्या हातून.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि अभय बंग हेही जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतले. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं दिसलं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तोवर जगाच्या लेखी गरीब बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. ती बाळंत नसतानाही तिला शरीर असतं, ते दुखतं, हे ह्या अभ्यासानं आकड्यांत मांडलं आणि धोरणकर्त्यांना ऐकावं लागलं. आपल्या चळवळीच्या हाती असा आकडा असणं काय असतं हे जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. नुसत्या तळमळीनं तो आकडा मिळत नाही. त्यासाठी पद्धत शिकावी लागते.

म्हणून 'डिग्रीनं काय होतंय, कार्यकर्ती लोकांत तयार होते' असं आपल्यातल्या काहीजणी म्हणतात तेव्हा मला ते अर्धंच पटतं. डिग्रीमुळे चळवळीतल्या बाईची 'प्रोफेशनल' होते, प्रकल्पाच्या आणि अहवालाच्या मागे लागते, ही भीती खोटी नाही. आपण ते पाहिलं आहे. पण अभ्यासानं मला दिलेलं एक साधं हत्यार सांगते. आरोग्य केंद्राच्या तक्त्यात 'रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रिया' हा आकडा लहान दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: हिमोग्लोबिन तपासलं कितीजणींचं? तपासलंच नाही तर रक्तक्षय दिसणार कुठून? हा प्रश्न ग्रामसभेत विचारला की अधिकारी सावरून बसतात. हे हत्यार गावातल्या प्रत्येक बाईच्या हाती असावं असं वाटत असेल तर ज्ञानाला नावं ठेवून चालणार नाही, ते काबीज करावं लागेल. सावित्रीबाईंच्या लेकींना हे सांगायला नको. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या, आणि त्याआधी आयुष्यभर त्यांनी बायकांना अक्षर दिलं. त्यांच्या लेखी सेवा आणि शिक्षण वेगळी नव्हती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. आरोग्यशिक्षणाचं काम आज प्रत्यक्ष कोण करतं? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या. साधारण हजार लोकवस्तीला एक, त्याच गावात राहणारी, बहुधा विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता बाई. महाराष्ट्रात त्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षातलं त्यांचं मूळ प्रशिक्षण ठरलं होतं २३ दिवसांचं, मग पुढची पुस्तकं, पुढची सत्रं. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, नवजात बाळाच्या घरभेटी, क्षयरोगाच्या गोळ्या, कुष्ठरोगाची पाहणी, आता रक्तदाब आणि मधुमेहाचे अर्ज. त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. त्यासाठी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. मधे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. जिनिव्हात सन्मान आणि गावात थकलेला मोबदला, अशी ही परिस्थिती.

ह्या बाईच्या ज्ञानाला विद्यापीठात काय किंमत आहे? आमच्याकडे क्षेत्रकार्याला येणारे विद्यार्थी पहिल्या दिवशी आशाताईचं घर विचारतात. ती त्यांना वस्तीत फिरवते, कुठल्या घरात काय बोलायचं नाही ते सांगते, बायकांना बोलतं करते. इंग्रजी प्रश्नावलीतल्या शब्दाला गावात काय म्हणतात ते तिलाच माहीत असतं. 'श्वेतप्रदर' विचारलं तर कुणी उत्तर देत नाही, 'अंगावरून जातं का' विचारलं की अख्खी ओटी बोलू लागते. ह्या मदतीवर प्रबंध होतो, गुण मिळतात, पदवी मिळते. आशाताईचं नाव फार तर आभाराच्या पानावर येतं. एका विद्यार्थी गटानं आमच्या भागात पाहणी केली, तिचे निष्कर्ष गावाला कधीच कळले नाहीत. मी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. ज्या बायकांनी कामाचा खाडा करून दोन-दोन तास माहिती दिली त्यांना तिचं पुढे काय झालं हे कळण्याचा हक्क नाही का?

आणि तिला स्वतःला शिकायचं असेल तर? पहिली अडचण भाषेची. केंद्रीय पातळीवरची सामायिक पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा इंग्रजी-हिंदीत होते, मराठीत नाही. ह्या विषयाची पदव्युत्तर पुस्तकं जवळपास सगळी इंग्रजी. दुसरी अडचण पैशाची आणि घराची. २०२४-२५ पासून राज्य शासनानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं, हे स्वागतार्ह आहे. आपल्या अभ्यासक्रमाला ते लागू आहे का ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं. पण खोलीभाडं, खानावळ, एस.टी.चा पास माफ होत नाही, आणि लग्नाचं वय झालेल्या मुलीला नाशिक-पुण्याला ठेवायचं का, ह्या प्रश्नावर शासननिर्णय निघत नाही. तिसरी अडचण अनुभवाला किंमत नसण्याची. पंधरा वर्षं काम केलेली आशा आणि कालची पदवीधर, दोघी विद्यापीठाच्या दारात सारख्याच. किंबहुना आशा मागे, कारण तिच्याकडे पदवी नाही.

ह्यावर वाटा नाहीत असं नाही. नाशिकलाच १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. मध्येच शाळा सुटलेल्या कितीतरी बायका त्याच्या वाटेनं संसार सांभाळून पदवीधर झाल्या. ह्याच विद्यापीठानं 'आरोग्यमित्र' हा मराठीतला अभ्यासक्रम काढला होता, म्हणजे मराठीतून, दूरशिक्षणानं आरोग्य शिकवता येतं हे सिद्ध झालेलं आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची तरतूद आहे. तरतूद कागदावर आहे. ती आशाताईच्या नावावर कुणी आणायची?

ती आपण आणायची. माझ्या मते स्त्रीसंघटनांनी नाशिकच्या दोन्ही विद्यापीठांपुढे, आणि टाटा संस्था व पुणे विद्यापीठापुढेही, चार मागण्या ठेवाव्यात. एक, आरोग्यशिक्षण आणि आरोग्यसंवर्धनाचा प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंत चढत जाणारा अभ्यासक्रम मराठीतून असावा, आणि आशा, अंगणवाडी सेविका, गटप्रवर्तक ह्यांच्या प्रशिक्षणाला व कामाच्या वर्षांना त्यात श्रेयांक मिळावेत. दोन, अभ्यासक्रमात मजुरी, रेशन, पाणी, जमिनीची मालकी, घरातली हिंसा आणि पुरुषांची जबाबदारी हे आरोग्याचे विषय म्हणून यावेत, आणि ते शिकवायला अनुभवी आरोग्यकार्यकर्त्या मानधन घेऊन वर्गात उभ्या राहाव्यात. तीन, गावात केलेल्या प्रत्येक विद्यार्थी पाहणीचे निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय त्या कामाला गुण मिळू नयेत. चार, शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी आरोग्य खात्यात कायम पदं असावीत. कंत्राटावर अकरा-अकरा महिने काढणारी आरोग्यशिक्षक बाई दुसऱ्यांना हक्क काय शिकवणार?

ज्या मुली आज प्रवेश घेत आहेत त्यांनाही दोन शब्द. जरूर शिका. रोगपरिस्थितीशास्त्र कंटाळवाणं वाटलं तरी मन लावून शिका, आकडे वाचायला शिका, इंग्रजीला घाबरू नका. शिक्षकांनी 'लाभार्थी' म्हटलं की तिचा दिवस किती वाजता सुरू होतो ते विचारा. संदेश लिहायला सांगितला तर तो कुणासाठी ते विचारा: सुनेसाठी, की सासऱ्यासाठी, सरपंचासाठी, बागायतदारासाठी? ह्या प्रश्नांनी गुण कमी होतील असं वाटेल. चांगले शिक्षक असतील तर वाढतील.

आणि गटातल्या मैत्रिणींना एक काम. येत्या तीन महिन्यांत आपल्या गावातल्या आशाताईला आणि अंगणवाडीताईला बैठकीला बोलवा. तिनं आजवर किती दिवसांची प्रशिक्षणं घेतली, कुठली प्रमाणपत्रं मिळाली, कुठली मिळालीच नाहीत, आणखी काय शिकायचं आहे, ह्याची यादी तिच्याबरोबर बसून करा. तिचं शिक्षण किती झालं, का थांबलं, तेही लिहा. नाव द्यायचं की नाही ते ती ठरवेल. ह्या याद्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण त्या एकत्र छापू आणि त्यांच्यासह मागण्यांचं निवेदन घेऊन नाशिकला जाऊ. कुलगुरूंच्या दालनात बोलायला त्या आशाताईच पुढे असतील. विषय त्यांचा आहे, आणि तो त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतो.